गवताला सुट्टी द्या : आमच्या गोल्फ क्लबच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष, ग्रीन समितीचे प्रमुख आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये तुम्ही सूचनाफलकावर दोन ओळींची सूचना लावलीत. मे महिन्यातलं ग्रीनचं (चेंडू ज्या भोकात, म्हणजे कपात, घालायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं) कोअरिंग, म्हणजे पोकळ नळ्यांनी भोकं पाडायचं काम, या वर्षी होणार नाही, आणि सोमवारची साप्ताहिक सुट्टी रद्द करून त्या दिवशी कोर्स कंपन्यांच्या स्पर्धांसाठी दिला जाईल. कारण दिलं होतं ‘सभासदांच्या सोयीसाठी’. मी लेखी विचारणा केली, ग्रीन समितीच्या बैठकीत बोलायला वेळ मागितली. दोन्हींना उत्तर आलं नाही. आता पावसाळा सरला आहे, ग्रीनची अवस्था रोज खेळणाऱ्या प्रत्येकाला दिसते आहे, आणि पावसाळ्यानंतरचं कोअरिंगही यंदा होणार नाही असं ऑफिसमधून कळलं. म्हणून हे उघडपणे लिहिते आहे. क्लबचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. सभासदांना ते सांगावं लागणार नाही, आणि बाहेरच्या वाचकांचं त्यावाचून काही अडणार नाही. प्रश्न गवताचा आहे, तो समजायला गोल्फ खेळता यायला हवं असं नाही.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी क्लबची जुनी सभासद आहे, आठवड्यातल्या बहुतेक सकाळी कोर्सवर असते, आणि माझी मुलगी ज्युनियर गटात खेळते. तिचं पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू अलगद कपाकडे मारणं, इथेच घडतंय. दुसरं असं की माझं माहेर भीमेकाठचं, उसाचं. जमिनीत पाणी साचलं आणि हवा कोंडली की पीक काही दिवस वरून हिरवं दिसतं आणि मग एकाएकी माना टाकतं, हे लहानपणापासून पाहत आले आहे. वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल घालायचं नाही, अशी आमच्या वडिलांची सक्त ताकीद असायची. गोल्फच्या गवताबद्दल मात्र जे काही कळतं ते आपल्या निवृत्त हेड माळ्यांमुळे. सगळा क्लब त्यांना मामा म्हणायचा. पहाटे ते कप बदलायला, म्हणजे भोकाची जागा हलवायला, निघाले की मी त्यांच्यामागे जायची, ते बोलत नसत फारसे, पण विचारलं की सांगत.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी एवढं सांगायला हवं की ७२ पारच्या, म्हणजे अठरा होलला मिळून ७२ फटके धरलेल्या कोर्सचा हिशेबच दर होलला ग्रीनवरचे दोन फटके (त्यांना ‘पट’ म्हणतात) असा असतो. म्हणजे ३६ फटके ग्रीनवरचे. निम्मा खेळ तिथे होतो, चार-पाच मिलिमीटर उंचीच्या गवतावर. चेंडू ४३ मिलिमीटरच्या आत-बाहेर, वजनाने ४६ ग्रॅमपेक्षा कमी, आणि कप १०८ मिलिमीटरचा. इतका हलका चेंडू कपाच्या जवळ येताना मंदावतो, आणि नेमकं तेव्हाच खालच्या गवताचा प्रत्येक दोष त्याला लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्या आठवड्यात सबंध देश पहाटे उठून तिचं पटिंग बघत होता. लांब मारणाऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने ती उभी राहिली ती पटरच्या जोरावर. अशी मुलगी आपल्या कोर्सवरून निघावी असं वाटत असेल, तर तिला शिकायला सरळ धावणारं ग्रीन हवं. खडबडीत, मऊ ग्रीनवर मूल पटला झटका द्यायला शिकतं, कारण अलगद मारलेला चेंडू दोन फुटांवर भलतीकडे वळतो. ही सवय लागली की मोडायला काही वर्षं जातात. माझ्या मुलीच्या हातात तो झटका मला या पावसाळ्यात दिसू लागला आहे.

आता गवताविषयी. आपल्या ग्रीनवर टिफड्वार्फ आहे. ही हरळीचीच जात, अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला निवडलेली, १९६५ साली बाहेर आलेली. बांधावरची हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, तिची सख्खी नातलग. संकरित असल्यामुळे तिला बी धरत नाही, काड्या लावूनच वाढवावी लागते. त्यामुळे एखादा पट्टा मेला तर बी टाकून तो भरून काढता येत नाही. शेजारच्या गवताने रांगत रांगत तिथवर यावं लागतं, नाहीतर नर्सरीतून तुकडा आणून बसवावा लागतो. आपली नर्सरी कुठे आहे? पंधराव्या होलच्या मागे होती. तिथे आता गाड्या लागतात.

ही हरळी आडवी पसरते, सतत नवी खोडं टाकते, आणि जुनी खोडं-मुळं मरून वरच्या थरात साचतात. त्या थराला थॅच म्हणतात. थोडा असला तर चांगलाच, चेंडू अंगावर झेलतो. अर्धा इंचाच्या वर गेला की पाणी धरून ठेवतो, हवा अडवतो, आणि मुळं खाली जायचं सोडून त्याच थरात लोळत राहतात. म्हणून वर्षातून दोनदा कोअरिंग करायचं. साधारण १२ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांनी तीन-चार इंच खोल भोकं पाडायची, निघालेली माती उचलायची, भोकं चाळलेल्या वाळूने भरायची. हरळी जोमात असताना, म्हणजे पावसाआधी मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर थंडी पडायच्या आत, हे केलं की दोन-तीन आठवड्यांत ग्रीन भरून येतं. तेवढे दिवस चेंडू उडतो, पट हुकतात. नियमांनीही हे गृहीत धरलेलं आहे. २०१९ पासून ग्रीनवरचा जवळपास कुठलाही खड्डा किंवा बुटाचा ओरखडा पट मारण्याआधी दुरुस्त करता येतो, पण कोअरिंगची भोकं त्यातून वगळली आहेत. ती देखभालीचा भाग आहेत, खेळाडूने ती सोसायची.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की ते दोन-तीन आठवडे वाचवण्यासाठी तुम्ही मे महिन्यातलं काम रद्द केलंत. त्याची किंमत आपण जूनपासून मोजतो आहोत. परवा सातव्या ग्रीनवर माळी कप बदलत होता तिथे मी थांबले. त्याने कप कटर दाबून मातीचा गड्डा बाहेर काढला आणि मला हातात घेऊ दिला. वर पातळ हिरवं, त्याखाली बोटभर जाडीचा तपकिरी, पिळला तर पाणी गळेल असा थॅचचा थर, आणि त्याखाली काळा पट्टा. नाकाशी नेला तर सडक्या अंड्याचा वास. हवा कोंडलेल्या ओल्या थरात जे जिवाणू वाढतात त्यांच्यामुळे हा वास येतो आणि जमिनीतल्या लोहाशी संयोग होऊन तो पट्टा काळा पडतो. मुळं त्या पट्ट्याशी येऊन थांबली होती, एक इंचही नव्हती. खालची वाळू स्वच्छ, त्यात एकही मूळ नाही. मामांच्या हातातला गड्डा मला आठवतो, त्याच्या बुडातून पांढरी मुळं लोंबत असायची.

ज्यांना हे पाहायचं असेल त्यांनी कुठल्याही सकाळी साडेपाचला यावं. गड्डा रोज निघतो.

सोमवारचं तेच. रोज शेकडो पावलं कपाभोवती पडतात. आठवड्यातला एक दिवस बंद असला की माळ्यांना खत टाकायला, औषध मारायला, वाळू पसरून झाडूने ओढायला, पाणी खोलवर द्यायला मोकळा वेळ मिळतो. आता ही सगळी कामं दोन गटांच्या मध्ये, धावतपळत होतात, नाहीतर होत नाहीत. स्कॉटलंडमधला सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स, जिथे जगभरचे लोक आयुष्यात एकदा खेळायला जातात, तो आजही काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळायला बंद असतो. गावातले लोक त्या दिवशी तिथे फिरायला येतात. मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिथे होते तो अमेरिकेतला ऑगस्टाचा कोर्स उन्हाळाभर बंद ठेवतात. पैसा कमवायची संधी त्यांना आपल्यापेक्षा कमी नाही. तरी ते बंद ठेवतात.

दुसरी तक्रार कापणीच्या उंचीची. मे अखेरच्या निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी ग्रीन साडेचार मिलिमीटरवरून तीनवर आणले गेले. स्पर्धा चार दिवसांची होती. मशीनची उंची मात्र त्यानंतर वर गेलीच नाही, जून, जुलै, ऑगस्ट तसेच गेले. हरळीला ऊन लागतं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा जी काही अन्ननिर्मिती होते ती पात्यावर होते, आणि तेच पातं आपण रोज खरवडून टाकत होतो. अशा दिवसांत उंची मिलिमीटरभर वाढवायची असते. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही, हे गवत वाढवणारा कुणीही सांगेल. इथे आधीच उपाशी असलेलं गवत बुडापर्यंत कापलं गेलं. ते विरळ झालं आणि विरळ जागी शेवाळ धरलं. अकराव्या ग्रीनच्या खालच्या अंगाला आता काळपट हिरवी खपली आहे. ओली असताना त्यावर पाय सटकतो, वाळली की तिचे पापुद्रे निघतात, आणि पाणी दोन्ही वेळा वरूनच वाहून जातं. तिथून पट मारला की चेंडू आधी घसरतो आणि मग पलीकडच्या मऊ गवतात रुततो. एकाच पटमध्ये दोन वेग! असा पट कुणी वाचायचा?

हे सगळं वेगासाठी झालं, हे मला माहीत आहे. स्पर्धेच्या निमंत्रणात ‘दहा फुटांचे ग्रीन’ असं छापलं होतं. हा आकडा स्टिंपमीटरचा. एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ साली ओकमाँटची यूएस ओपन पाहिल्यावर हे साधन तयार केलं. खाचेची एक पट्टी, तिच्यावरून चेंडू ठरावीक उतारावरून सुटतो, तो सपाट ग्रीनवर किती फूट जातो ते दोन्ही दिशांनी मोजायचं आणि सरासरी काढायची. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते हाती घेऊन शेकडो ग्रीन मोजले, तेव्हा सरासरी निघाली साडेसहा फुटांच्या आसपास. साधन दिलं गेलं ते एका कोर्सच्या अठराही ग्रीनचा वेग सारखा ठेवता यावा म्हणून. आपल्याकडे ते फुशारकीसाठी वापरलं गेलं. आपले ग्रीन जुन्या धाटणीचे, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून चांगल्या उताराचे बांधलेले. दहा फुटांच्या वेगाला त्यावर पिन (कपातला झेंडा) लावण्याजोग्या जागा फारच थोड्या उरतात. मग पिन फिरून फिरून त्याच दोन-तीन कोपऱ्यांत येते, तिथलं गवत तुडवलं जातं आणि ग्रीन तिथूनच मरायला लागतं. चौथ्या ग्रीनचा डावा कोपरा बघा. मला आठ फुटांचं, पण पहिल्यापासून अठराव्यापर्यंत एकसारखं ग्रीन द्या. मी आणि माझ्या ओळखीचे सगळे सभासद त्यावर आनंदाने खेळू.

तिसरी तक्रार माणसांची, आणि ती लिहिताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मामा निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखालचे अनुभवी माळी एकेक करून कमी केले गेले आणि देखभाल सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला दिली गेली. नव्या मुलांचा दोष नाही, ती राबतात. पण त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि दर काही महिन्यांनी ती बदलतात. कोर्स हाताला कळायला वर्षं लागतात. कुठल्या ग्रीनला सकाळी सावली असते, कुठे पाणी मुरत नाही, कुठे उन्हाळ्यात सगळ्यात आधी करपतं, हे कागदावर कुठेच नाही. ते मामांच्या डोक्यात होतं, आणि त्यांच्याकडून उतरवून घ्यायला क्लबने कुणाला नेमलं नाही.

पात्यांची धार घ्या. ग्रीनचं मशीन सिलिंडरचं असतं, फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात गवत कात्रीत धरल्यागत कापलं जातं. मामा रोज पहाटे मशीन सुरू करण्याआधी वर्तमानपत्राची एक पट्टी पात्यांमध्ये धरून सिलिंडर हाताने फिरवायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जागोजागी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका जागी जरी फाटला तरी ते मशीन ग्रीनवर जात नसे. आज कागद दूरच, धार शेवटची कधी लावली हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. बोथट पातं गवत ओरबाडतं. तिसऱ्या ग्रीनवर गुडघे टेकून पाहा, पात्यांची टोकं फाटून पांढरट पडलेली दिसतील. दुपारपर्यंत ती तपकिरी होतात, सगळं ग्रीन लांबून मळकट दिसतं, आणि त्या फाटलेल्या टोकांतून बुरशी आत शिरते. मग तुम्ही बुरशीनाशकाचं बिल मंजूर करता.

दिशेचंही तसंच. चालत चालवायची मशीन शेडमध्ये पडून आहेत आणि तीन सिलिंडरचं बसून चालवायचं मशीन रोज एकाच दिशेने जातं, कारण त्यात वेळ वाचतो. पूर्वी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा बदलली जायची. आज बारा ते सहा, उद्या तीन ते नऊ, परवा तिरपं. हरळी एका अंगाला झोपायला टपलेलीच असते. रोज तीच दिशा मिळाली की ग्रेन, म्हणजे गवताचा एका बाजूचा कल, बसतो. ग्रेनच्या बाजूने गवत चकाकतं आणि चेंडू पळतो, उलट बाजूने गवत गडद दिसतं आणि चेंडू अडतो, आडवा पट ग्रेनकडे ओढला जातो. थोडा ग्रेन हा हरळीच्या ग्रीनचा स्वभावच आहे. आपले जुने कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) तो कपाच्या कडेवरून ओळखतात. कपाची एक कड धारदार आणि हिरवी, दुसरी उसवलेली आणि तपकिरी. ज्या बाजूला उसवली त्या बाजूला ग्रेन जातो. पण हल्ली कॅडींनाही अंदाज लागेनासा झाला आहे, कारण काही ठिकाणी ग्रेन इतका जाड बसला आहे की चेंडू उताराच्या उलट वळतो. चांगला मारलेला पट चुकतो आणि चुकीचा मारलेला आत जातो. खेळाडूच्या कौशल्याला तिथे काही किंमत उरत नाही. शिवाय ते जड मशीन दरवेळी ग्रीनच्या कडेला त्याच जागी वळतं, तिथे गवत घासून गोल वाट पडली आहे.

खुरपणीला येणाऱ्या बायकांनाही आता एकरी दर आहे. त्यांनी पूर्वी एका रांगेत बसून टोकदार खुरप्याने लव्हाळ्याची गाठ मुळासकट काढली, ते मी पाहिलं आहे. लव्हाळा वरून उपटला तर खालची गाठ शिल्लक राहते आणि आठ-दहा दिवसांत परत फुटतो. एकरी दरात गाठ काढायला वेळ मिळत नाही. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, जागोजाग लव्हाळा माजलाय, ग्रीनच्या कडेपर्यंत आलाय, आणि दोष त्या बायकांना दिला जातो.

वाळूबद्दल थोडक्यात. ग्रीनवर वाळूचा पातळ थर देत राहण्याची पद्धत सेंट अँड्रूजच्या टॉम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली. पृष्ठभाग सपाट राहतो, थॅच कुजून विरतो, पाणी मुरतं. पण वाळू ग्रीनच्या मूळच्या वाळूशी जुळणारी हवी. तिचा बहुतांश भाग पाव ते एक मिलिमीटर दाण्याचा हवा आणि तीत पीठ नसावं. जुलैमध्ये बाराव्या आणि तेराव्या ग्रीनवर जी टाकली गेली ती बांधकामाची करडी क्रश सँड होती. मी मूठभर घेऊन पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवली. वरचं पाणी संध्याकाळपर्यंत गढूळच होतं, आणि तळाला वाळूवर चिखलाचा थर बसला. हा दगडाचा भुगा भोकं बुजवतो आणि वेगळ्या वाळूचा थर पाण्याला मध्येच अडवतो. तीच वाळू बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतही आहे. पाऊस पडून ऊन पडलं की ती घट्ट बसते, सँड वेज (वाळूतून मारायची काठी) तिच्यात न शिरता वरून उसळते, आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. गेल्या महिन्यात एका ज्येष्ठ सभासदांचं मनगट त्यात दुखावलं.

गोल्फ कार्ट पावसाळ्यातही फेअरवेवर सोडल्या गेल्या. आपली जमीन काळी आहे. ओली असताना चाक गेलं की ती दाबली जाते, आणि वाळली की चाकोरीत भेगा पडतात. सहाव्या आणि सतराव्या फेअरवेवर अजून चाकोऱ्या आहेत. त्यांत गवत नाही, आणि तिथे थांबलेल्या चेंडूखाली काठीचं तोंड जाऊच शकत नाही. फेअरवेच्या मधोमध चांगला ड्राइव्ह मारणाऱ्याला शिक्षा आणि कडेच्या वाढलेल्या गवतात, रफमध्ये, जाणाऱ्याला बरी जागा, असा उलटा प्रकार सुरू आहे. पावसाळ्यात कार्ट फक्त पक्क्या रस्त्यावर, हा आपलाच जुना नियम होता. ज्यांना चालणं शक्य नाही त्यांच्यासाठी तो तेव्हाही शिथिल केला जायचा.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. क्लबला पैसा लागतो, पाणी, वीज, पगार, डागडुजी सगळंच महागलंय, आणि सोमवारच्या स्पर्धांतून चांगलं उत्पन्न येतं. कोअरिंग झालं की काही सभासद तक्रार करतात, हेही खरं. वर्गणी आम्ही बारा महिन्यांची भरतो, मग तीन आठवडे भोकांवर का खेळायचं, असं मला स्वतःला दोघा-तिघांनी ऐकवलं. मला त्यांना सांगायचंय की आत्ता आपण जून ते ऑक्टोबर खराब ग्रीनवर खेळलो, आणि समोर थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की हरळीची वाढ मंदावते. तोवर जी जखम भरली नाही ती होळीपर्यंत तशीच राहते. पुढच्या उन्हाळ्यात एक इंचाची मुळं घेऊन हे ग्रीन पाण्याच्या एका पाळीवरही तग धरणार नाही. आणि ग्रीन पूर्ण गेलं तर ते नव्याने बांधावं लागतं. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर एक फूट वाळूचं मोजून केलेलं मिश्रण, मग काड्या लावून गवत धरायची वाट. कित्येक महिने ते होल बंद. असा खर्च एका ग्रीनचा किती येतो याचं कोटेशन तुम्हीच मागवा आणि सोमवारच्या उत्पन्नाशेजारी ठेवून सभासदांना दाखवा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पावसाळ्यानंतरचं कोअरिंग रद्द करू नये. थंडी पडायच्या आत, म्हणजे येत्या तीन आठवड्यांत, अठराही ग्रीनवर ते व्हावं. एकदम सगळे नको असतील तर नऊ-नऊ करा, पण करा. पुढच्या मे महिन्याच्या कामाची तारीख आत्ताच वार्षिक वेळापत्रकात छापावी आणि ती आधी धरून मगच स्पर्धांच्या तारखा द्याव्यात.

सोमवारी कोर्स पुन्हा बंद ठेवावा. उत्पन्नाची फारच अडचण असेल तर महिन्यातला एक सोमवार द्या, पण पावसाळ्यात तोही नको.

कापणीची उंची ठरवायचा अधिकार हेड माळ्याचा असावा. स्पर्धेसाठी ती कमी केली तर किती दिवसांसाठी आणि परत कधी वाढवणार, हे लेखी असावं. स्टिंपमीटरचं मोजमाप दर आठवड्याला अठराही ग्रीनचं फलकावर लावा. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ ग्रीन यांच्यात किती फरक आहे ते आम्हाला कळू द्या.

देखभालीचा ठेका पुन्हा देताना निव्वळ दर पाहू नये. ग्रीनवर काम करणारे माळी क्लबच्या नोकरीत घ्यावेत, जे गेले त्यांतले यायला तयार असतील त्यांना सन्मानाने परत बोलवावं, आणि मामांना मानधन देऊन वर्षभर नव्या मुलांना शिकवायला नेमावं. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते यायला तयार आहेत. खुरपणीचा एकरी दर बंद करून रोजंदारी द्यावी.

वाळूचा प्रत्येक ट्रक उतरवण्याआधी चाळणी परीक्षण व्हावं आणि अहवाल ग्रीन समितीच्या फाइलमध्ये लागावा. बाराव्या-तेराव्यावरचा भुगा कोअरिंगच्या वेळी जितका निघेल तितका काढावा. पंधराव्यामागची नर्सरी परत उभी करावी, गाड्या दुसरीकडे लावाव्यात.

जूनपासून सप्टेंबरअखेर कार्ट रस्त्यावरच, हा नियम पुन्हा लागू करावा.

आम्हा खेळणाऱ्यांकडूनही काही हवं असेल तर मागा. पिचमार्क (चेंडू पडून ग्रीनवर झालेला खड्डा) दुरुस्त न करता पुढे जाणारे, डिव्हटमध्ये (फटक्याने गवत उखडलेल्या जागी) वाळू न टाकणारे सभासद कमी नाहीत, आणि त्यांना हटकायचं काम फक्त कॅडींवर सोपवणं बरोबर नाही. पहिल्या टीवर, जिथून खेळ सुरू होतो, गट सोडणाऱ्या स्टार्टरने प्रत्येक गटाला सांगावं, आणि न ऐकणाऱ्यांची नावं समितीकडे यावीत. कोअरिंगच्या दिवशी माती उचलायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही वीसेक जण फावडी आणि घमेली घेऊन यायला तयार आहोत. नावांची यादी ऑफिसमध्ये दिलेली आहे.

या पत्राला उत्तर मला एकटीला देऊ नका. एप्रिलची सूचना जिथे लावली होती त्याच फलकावर ते लावा, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘कोर्सची देखभाल’ हा स्वतंत्र विषय घ्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका. सभेच्या आदल्या सकाळी कार्यकारिणीने सातव्या, अकराव्या आणि बाराव्या ग्रीनवर कप बदलताना हजर राहावं, एवढी विनंती आहे. कप कटर घेऊन माळी साडेपाचला निघतो.

आपली,
क्लबची एक सभासद